तुमचं मुलुंड, आमची डोंबिवली

अहो वहिनी, जरा भिंतीशी या ना. नाही हो, पाऊसबिऊस नाही, मे महिन्यात कुठला पाऊस! कपडे राहू द्या. मघाशी कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता सांगत होतात, तो ऐकला. मुद्दाम नाही, माझा ओटा खिडकीलगत आणि तुमचा आवाज मुळातच खणखणीत. इमारत सांगितलीत, गल्ली सांगितलीत, खाली पोळी-भाजी केंद्र आहे तेही सांगितलंत, आणि शेवटी काय म्हणालात? ‘मुंबई’! माझी भेंडी चिरायची राहिली. डोंबिवली पूर्व म्हणा की सरळ. तो बिचारा पोरगा तुमचं पार्सल घेऊन भायखळ्याला जायचा.

मुलुंड सुटलं तरी जिभेची सवय सुटत नाही, कळतंय मला. पण आपला पिनकोड ४२१२०१. चारशेवाले वेगळे. ठाणेकरांना ४००६०१ मिळालाय, म्हणून तर त्यांचं नाक एवढं वर. कळवा, मुंब्रा, दिवा, सगळे चारशेत. दिवा सरला की आपण सुरू, चारशे एकवीस. फोनचंही तेच. ठाणं, नवी मुंबई, भाईंदर यांना ०२२, आणि कल्याण-डोंबिवलीला ०२५१. माझी जाऊ ठाण्याची. तिच्याकडे ०२२ झालं तेव्हा बाईनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘आता आम्ही मुंबईत हं!’ म्हटलं, घर हललं का गं तुझं? तिथंच आहे ना, तलावपाळीच्या मागं?

आता लँडलाइन कोण लावतंय म्हणा. पण गाडीची पाटी कुठं लपवाल? एमएच ०४ ठाणे, ०५ आपलं कल्याण, ४३ वाशी, ४८ वसई-विरार. आमचा भाचा दादरला पार्किंग शोधत होता, तर एक गृहस्थ ०५ बघून म्हणाले, ‘बाहेरच्या गाड्या येतात नि जागा अडवतात.’ बाहेरच्या! अहो, त्याचे आजोबा त्याच गल्लीतल्या चाळीत जन्मले. गिरणगाव, गिरगाव, दादर इथली निम्मी मराठी घरं एकेक करत ठाण्याला, डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला आली, तेव्हा कुठं ही शहरं भरली. १९८२च्या संपानंतर तर रांगच लागली. मुंबईची माणसंच मुंबईबाहेरची ठरली.

बिल्डरांना हे सगळं बरोबर उमगलंय. भिवंडीच्या माळावर टॉवर उभा राहतो, जाहिरातीत ठाणे. शिळफाट्याच्या रस्त्याला उभा राहतो, जाहिरातीत ‘नवी मुंबईपासून दहा मिनिटं’. कुठल्या वाहनानं, ते छापत नाहीत.

राग मानू नका, पण तुमचं मुलुंड तरी कधीपासून मुंबई? १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द वाढवली, तेव्हा मुलुंड नि दहिसर आत गेली. आमच्या सासूबाईंचं लग्न त्याच्या आधीचं, त्या शेवटपर्यंत मुलुंडला मुंबई म्हणाल्या नाहीत. आणि नकाशात बघा, मुलुंड नि ठाण्याच्या मध्ये काय आहे? नदी नाही, डोंगर नाही, खाडी ठाण्याच्या पलीकडे. दोन्ही एकाच साष्टी बेटावर. मध्ये आहे फक्त चेकनाका. म्हणजे मुंबई संपते कुठं, तर जिथं जकात भरायची तिथं!

ठाणेकर मात्र ऐकून घेत नाहीत हं. मुंबईत कुणी जरा वेड्यासारखं वागलं की आपण पूर्वी काय म्हणायचो, ‘याला ठाण्याला पाठवा.’ तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं ना. यावर माझ्या जाऊबाईचं उत्तर ठरलेलं: ‘१६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती कुठं आली? ठाण्याला. मुंबई आमच्याकडे आली, आम्ही नाही गेलो.’ यापुढं काय बोलणार? सोमवारच्या सकाळी ८ वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर मुंबई कुणाकडे चाललीय ते दिसतंच म्हणा.

मघाशी चेकनाका म्हटला ना, त्यावरून आठवलं. जकात १ जुलै २०१७ला गेली, जीएसटी आला तेव्हा. पण तिनं केलेली करणी राहिलीच. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात, म्हणून व्यापाऱ्यांनी माल हद्दीबाहेर ठेवायला सुरुवात केली. भिवंडीच्या आजूबाजूला ग्रामपंचायतींची मोकळी जमीन, स्वस्त भाडं, वर हायवे. गोदामं उभी राहिली मैलोन्‌मैल. लागेल तेवढाच माल आत न्यायचा, जकात तेवढ्यापुरतीच. आज आपण मोबाइलवर कढई मागवतो, ती बहुतेक वेळा त्याच गोदामांतून निघते. तुमचं पार्सल तरी कुठून यायचंय? भिवंडीहून, माणकोलीच्या पुलावरून थेट डोंबिवली पश्चिम. अख्ख्या वाटेत मुंबई लागतच नाही, वहिनी.

टोलचा तमाशा वेगळा. मुलुंड, आनंदनगर, ऐरोली, वाशी, दहिसर, पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना माफी मिळाली १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री. तोवर ४५ रुपये. माझी जाऊ मुलुंडला बहिणीकडे जायची, तर भावजी नाक्याच्या अलीकडे गाडी थांबवायचे. ही उतरून चालत पलीकडे, डबा द्यायचा, चहा प्यायचा, परत चालत अलीकडे. भावजी गाडीत पेपर वाचत. ४५ रुपये वाचवायला दीड तास! आणि दहिसरच्या नाक्यावरून २०२५ला जुंपलीच. मीरा-भाईंदरवाल्यांना नाका पुढं सरकवून हवा होता, ट्रकांच्या रांगेत त्यांचा रस्ता अडायचा. वसईवाले म्हणाले, आमच्या दारात नको. नाका सगळ्यांना चालतो हो, फक्त तो पलीकडच्याच्या दारात हवा.

पण खरी हद्द कळते गाडीत. तुम्ही मुलुंडहून चढायचात, तुम्हाला ही गंमत ठाऊक नसेल. मी फोर्टात नोकरीला होते, आयुष्य त्या लेडीज डब्यात गेलं. बदलापूरहून आलेली गाडी डोंबिवलीला लागली की आतल्या बायका आपल्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘डोंबिवली लोकल सुटते ना तुमची? ती पकडा की.’ आपण कोपर मारून आत शिरतो, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकतो, आणि ठाणं आलं की दारातल्या बाईला काय म्हणतो? ‘ठाणा लोकल पकड ना गं, आमच्यात कशाला?’ शब्दही तेच. पश्चिम रेल्वेवर विरार फास्टमध्ये बोरिवलीवालीला हेच ऐकवतात, आणि चुकून चढलीच तर बोरिवलीला उतरू देतील याची खात्री नाही. दसऱ्याला मात्र त्याच डब्याला झेंडूच्या माळा, फोटोला हार, आणि पेढा सगळ्यांना, कुठल्याही स्टेशनची असो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘तुमची लोकल पकडा.’

दिव्याच्या माणसांना तर चढायलाच मिळत नाही. २ जानेवारी २०१५ला ती रुळांवर उतरली, दगडफेक झाली, गाड्या ठप्प. तेव्हा आपल्या गल्लीत सगळे चिडले होते, दिवेकरांमुळे खाडा झाला म्हणून. मी पण. मग २०२५च्या जूनमध्ये त्याच दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली. त्या दिवशी कुणी कुणाचं स्टेशन काढलं नाही.

बरं, दुसरं सांगते, कुणाला बोलू नका. माझ्या भाचीला स्थळ आलंय विरारचं. मुलगा चांगला, बँकेत. तिची आई म्हणते, ‘अगं, विरार? इतकं लांब?’ आणि ही बाई राहते कुठं? अंबरनाथला! मी म्हटलं, ताई, विरारवाले तुझ्याबद्दल काय म्हणत असतील? बरं, मुलाची आजी वसईची, वाडीवाली. तिचं निराळंच. ती म्हणाली, आमची केळी, भाजी, फुलं मुंबईला जायची, ती ठीक होतं. मुंबईच आमच्याकडे येईल असं वाटलं नव्हतं. २००९ साली तिथं महापालिका झाली तेव्हा गावंच्या गावं ‘आम्हाला वगळा’ म्हणून उठली होती. त्याच्याही आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि मंडळींनी हरित वसईसाठी केवढं रान उठवलं. म्हणजे बघा, आपल्याला पत्त्यात मुंबई हवी, आणि त्यांना ती दारात नको.

आमच्या नणंदबाई नेरूळच्या. त्यांच्यापुढं तर कुणीच टिकत नाही. रुंद रस्ते त्यांचे, स्वच्छतेची बक्षिसं त्यांची, विमानतळ त्यांचा, आणि हिवाळ्यात खाडीत फ्लेमिंगो उतरतात तेही त्यांचेच. अहो, ठाणे खाडी दोघांच्या मधली, त्या पक्ष्यांना नेरूळ काय नि शिवडी काय! पण त्या म्हणतात, ‘आमचं शहर आखून केलेलं आहे.’ ते खरंच. सिडको १९७०ची, कागदावर आधी शहर नि मग घरं. फक्त आखताना ९५ गावांची शेती नि मिठागरं खाली होती, ते त्या सांगत नाहीत. १९८४च्या जानेवारीत उरणकडे दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा पुढं साडेबारा टक्के जमिनीचा न्याय मिळाला. हे मला नणंदेच्या शेजारच्या आगरी आजीनं सांगितलं, नणंदेनं नाही. अटल सेतू झाला तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, ‘आता वीस मिनिटांत शिवडी.’ म्हटलं, जा की मग. तर म्हणे, एका खेपेला २५० रुपये टोल आहे. येतात अजून ट्रेननंच.

आणि आपलं कल्याणशी काय गूळपीठ आहे म्हणा! १९८३ पासून एकाच पालिकेत बांधलेत दोघांना. त्यांच्याकडे दुर्गाडी, शिवरायांच्या आरमाराचा इतिहास. आपल्याकडे फडके रोड, शं. ना. नवरे, आणि पाडव्याची शोभायात्रा. १९९९ला आपल्या गणेश मंदिरानं सुरू केली, मग गावोगाव गेली. गिरगावातल्या फेट्यांचे फोटो पेपरात मोठे येतात, पण ते राहू दे. मुख्यालय कल्याणात, म्हणून डोंबिवलीकर रागावलेला. डोंबिवली फार शिष्ट, म्हणून कल्याणकर रागावलेला. आणि मध्ये ती सत्तावीस गावं. १९८३ला पालिकेत घेतली, २००२ला बाहेर काढली, २०१५ला परत आत घेतली, २०२०ला त्यातली अठरा पुन्हा बाहेर काढायला निघाले ते कोर्टानं अडवलं. तिथल्या माणसाला सकाळी उठल्यावर विचारायला हवं, आज गावात आहात की शहरात?

कचऱ्याचं तर बोलूच नका. प्रत्येक शहरानं अडगळीची खोली ठरवून ठेवलीय. मुंबईची देवनारला, १९२७ पासून. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्यात जायचा, कारण ठाणं म्हणजे घोडबंदर आणि दिवा म्हणजे दिवा. मीरा-भाईंदरचा उत्तनला, कोळ्यांच्या उशाशी. आणि आपण सज्जन म्हणाल, तर कल्याणातल्या आधारवाडीच्या डोंगरावर डोंबिवलीच्या भेंडीची देठंही होतीच की. शिवाय आपल्या एमआयडीसीनं २०१४ला हिरवा पाऊस पाडून दाखवला, २०२०ला गुलाबी रस्ता.

एक मिनिट, कुकरची शिट्टी झाली बहुतेक. तिसरी का? जाऊ दे, डाळ आहे.

हां, तर पाणी. हे मात्र मला विचारा. मी नोकरीला होते ती मुंबई पालिकेच्या पाणीखात्यातच. सकाळी टेबलावर तलावांच्या पातळीचा कागद यायचा. विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ला मध्य वैतरणा वाढलं. सातातले मुंबईच्या हद्दीत किती? दोन. विहार नि तुळशी, आणि त्यांचं पाणी म्हणजे आमटीवरची फोडणी. बाकीचे पाच ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. रोजचं साधारण ३८५ कोटी लिटर पाणी, त्यातलं निम्मं एकट्या भातसाचं, शहापूर तालुक्यातलं. भातसा नदीतून पिसे बंधाऱ्याला, तिथून उपसून पांजरापूरला शुद्ध करायचं, आणि भिवंडी-ठाण्याच्या अंगावरून मुंबईत. ऑफिसात दिवसभर आकडे कोटींत, आणि घरी आल्यावर बादल्यांत. पंप लावलात का, किती भरल्या, पहाटेचं पाणी कुणी चुकवलं!

तेव्हापासून माझं एक मत झालंय. या सगळ्या परिसरात कोण कुणाला काय समजतं ते स्टेशनांवर नाही, जलवाहिनीवर बघावं. मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागली की ठाण्याच्या आणि भिवंडीच्या काही भागांतही तीच कपात लागते, कारण त्यांना थोडं पाणी मुंबई देते. कुठलं? ठाणे जिल्ह्यातलंच! म्हणजे ठाण्याच्या अंगणातलं मुंबईत मोजून ठाण्याला परत. नणंदबाई हसतात, कारण नवी मुंबईनं मोरबे धरणच विकत घेतलं, रायगडातलं. पलीकडे खारघर-पनवेलला उन्हाळ्यात टँकर फिरतात, ते त्यांच्या गॅलरीतून दिसत नाहीत. वसई-विरारला आता सूर्या धरणाचं पाणी. ते धरण बांधलं होतं डहाणू-पालघरच्या शेतीसाठी, तिथले शेतकरी म्हणतात, आमच्या कालव्याचं काय?

आणि आपण? आपण उल्हास नदीचं पितो म्हणून फार ऐटीत. पण उन्हाळ्यात उल्हास वाहते कशानं? मावळात टाटांचं आंध्र धरण आहे, त्याचं पाणी घाटाखाली भिवपुरीला वीज करून नदीत सुटतं. भीमेच्या खोऱ्यातलं, एरवी पूर्वेला गेलं असतं ते. पुणेकरांना सांगू नका फक्त, आधीच ते कमी बोलतात का?

परवाची गोष्ट सांगते आणि जाते, डाळ करपेल. स्टेशनच्या जिन्याशी करवंदं घेऊन बायका बसतात बघा, पळसाच्या पानांवर वाटे लावून. त्यातली एक खर्डीच्या पुढच्या पाड्यावरची. पहाटेच्या कसारा गाडीनं येते. टोपलीशेजारी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बुचाला दोरी बांधलेली. म्हटलं, हा कशाला गं? म्हणाली, ‘जाताना नळावर भरून नेते.’ म्हटलं, अगं, धरणं सगळी तुमच्याकडे ना? तर म्हणे, ‘धरण दिसतंय की पाड्यावरून. पाणी टँकरनं येतंय, दोन दिसांनी.’ एवढंच बोलली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी आपली सवयीनं भाव करायला गेले. वाटा तीस रुपये. म्हटलं, कसाऱ्याला वीसला मिळतो. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, ‘मग कसाऱ्यालाच जा ना ताई. दोन नंबरवर गाडी लागतेय.’

साठ रुपये दिले, दोन वाटे घेतले. लोणचं घातलंय, मुरलं की वाटीभर देते.